तीन चमचे साखर

आमच्या शिक्षकखोलीत खुर्च्या चौदा आहेत आणि मधुमेह नऊ. उरलेल्या पाचांपैकी दोघांना रक्तदाब आहे, दोघी अजून तिशीच्या आत आहेत म्हणून वाट पाहताहेत, आणि पाचवा मी. मला काहीही नाही. तुम्ही म्हणाल, भाग्यवान आहात! पण मधल्या सुटीत निरोगी माणसाची काय अवस्था होते ती ज्याची त्यालाच ठाऊक. डबे उघडले की आकडे सुरू होतात. उपाशीपोटीची किती, जेवणानंतरची किती, तीन महिन्यांची सरासरी किती. संस्कृतच्या सरांनी "या खेपेला १६०" असे जरा बिचकत सांगितले, की गणिताचे सर "माझी २१०" म्हणून त्यांना जागच्या जागी गार करतात. मग औषधे. कारल्याचा रस, भिजवलेले मेथीदाणे, जांभळाच्या बियांची पूड. चित्रकलेच्या बाईंकडे विजयसाराच्या लाकडाचा पेला आहे. त्यात रात्रभर ठेवलेले पाणी त्या सकाळी पितात आणि मग चहा पितात, साखर घालून. मी आपला मान हलवत बसतो. एकदा धीर करून "मला आम्लपित्त आहे" असे म्हणून पाहिले. कोणाचा घास वाटेत थांबलासुद्धा नाही.

त्यात आमचे गाव सातारा. म्हणजे कंदी पेढ्यांचे माहेरघर. नातू झाला, स्कूटर घेतली, बदली झाली, झालेली बदली रद्द झाली, काहीही झाले तरी पेढे. नऊही जण "अर्धाच हं!" म्हणून अर्धा उचलतात. आता पेढ्याचा उरलेला अर्धा भाग पुड्यात एकटा राहिला तर कोरडा पडतो, वाया जातो, म्हणून घटकाभराने तोही कोणीतरी अर्धाच म्हणून उचलतो. असा हिशेबाने दिवसभर पथ्य चालू असते.

हे एवढे विस्ताराने सांगायचे कारण असे की, २०२२ च्या दिवाळीच्या सुटीनंतर पाचवीतल्या एका मुलीला मधुमेह झाल्याची बातमी आली, तेव्हा शाळेत तज्ज्ञांचा तुटवडा मुळीच नव्हता.

मुलीचे नाव सांगत नाही. आता ती मोठी झाली आहे आणि तिला ते चालायचे नाही. आपण तिला चिमणी म्हणू. सुटीच्या आधीपासूनच ती वर्गात सारखी पाणी प्यायची, सारखी बाहेर जायचे म्हणायची. तिच्या वर्गशिक्षिका म्हणजे शिस्तीचे काम. त्यांनी चिमणीच्या दैनंदिनीत तांबड्या शाईने शेरा लिहिला होता, 'वारंवार बाहेर जाते. घरी समज द्यावी.' घरच्यांनी समज दिलीही असेल. पण सुटी लागल्यावर पोर दिवाळीचा फराळ पुढ्यात असून वाळत चालली, एका पहाटे धापा टाकायला लागली, आणि दवाखान्यात नेल्यावर कळले की साखर ५०० च्या वर आहे आणि रक्तात आम्ल साठले आहे. दोन दिवस अतिदक्षता विभागात होती. वर्गशिक्षिकाबाईंना हे कळले त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. पुढे कितीतरी दिवस त्यांच्या पर्समध्ये तांबडे पेन दिसले नाही.

शिक्षकखोलीत मात्र निदानाला सुरुवात झाली.

"एवढ्याशा पोरीला? गोड फार खात असेल."

"हल्ली आयांना डबा करायला नको. बिस्किटं देतात."

"मेथीदाणे सुरू करा म्हणावं. मी सांगीन तिच्या आईला."

"कारलं!" गणिताचे सर म्हणाले. ते कमी बोलतात.

चिमणी शाळेत परत आली तो दिवस सोमवार, १४ नोव्हेंबर. बालदिन. त्या दिवशी आमच्याकडे मुलांना चॉकलेटे वाटायची पद्धत आहे. हाच दिवस जागतिक मधुमेह दिन म्हणूनही पाळतात, कारण इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंगचा तो जन्मदिवस. एकाच दिवशी एका हाताने चॉकलेट वाटायचे आणि दुसऱ्या हाताने ते काढून घ्यायचे अशी ही योजना कोणा ग्रहाने जुळवली असेल ती असो. वर्गात चॉकलेटची परात फिरली आणि चिमणीपाशी येऊन थांबली. वाटणाऱ्या मुलाने बाईंकडे पाहिले, बाईंनी दाराकडे पाहिले. चिमणीने एक चॉकलेट उचलले, दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवले आणि म्हणाली, "डब्यानंतर खाईन. इंजेक्शनमध्ये धरून."

इंजेक्शन! हा शब्द मोठ्या बाईंपर्यंत म्हणजे मुख्याध्यापिकांपर्यंत पोचायला दीड मिनिट लागले. बाई माणूस म्हणून वाईट नाहीत. पण वीस वर्षे खुर्चीत बसल्यावर माणसाला मूल दिसायच्या आधी फाइल दिसते. त्यांनी चिमणीच्या आईला बोलावून सांगितले, "हे पाहा, शाळा म्हणजे दवाखाना नव्हे. उद्या काही बरंवाईट झालं तर जबाबदारी कोणाची? तुम्ही हमीपत्र लिहून द्या. आणि शाळा सुटेपर्यंत कोणीतरी मोठं माणूस इथं थांबायला हवं."

विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "मोठ्या बाई, सीबीएसईनं तर २०१७ सालीच अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत गोळ्या, फळ, सँडविच न्यायची परवानगी दिलीय."

"आपण सीबीएसई आहोत का? आपल्याला परिपत्रक आलंय का?"

परिपत्रक आले नव्हते. परिपत्रकाशिवाय आमच्या शाळेत झाडाचे पानसुद्धा गळत नाही; गळलेच तर आवक-जावक वहीत नोंद होते. (राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने अशा मुलांना शाळेत साखर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधले खाणे खाऊ द्या असे राज्यांना कळवले ते मार्च २०२३ मध्ये. ते वाचून मोठ्या बाई "आपण हे आधीच केलं होतं" असे म्हणाल्या. पण ते पुढचे.)

तर दुसऱ्या दिवसापासून चिमणीची आई शाळेच्या आवारात गुलमोहराखालच्या कट्ट्यावर येऊन बसू लागली. अकरा ते पाच. ती एका पतसंस्थेत कामाला होती. बिनपगारी रजा टाकली होती. हातात विणकाम असायचे, पण एक महिनाभर ते विणकाम मी पाहत होतो, चार बोटांच्या पुढे काही सरकले नाही. मान सारखी पाचवी ब च्या खिडकीकडे. खिडकीत काही हालचाल झाली की सुया थांबायच्या.

त्या काळात तिच्याशी बोलणारा एकच माणूस होता. आमचे शिपाईमामा. मामा अकराला आणि तीनला तिला चहा नेऊन द्यायचे. शाळेच्या खर्चात हा चहा कुठे बसवला हे हेडक्लार्कने विचारले नाही आणि मामांनी सांगितले नाही. चहाच्या दोन कपांत मामांनी सगळे माहीत करून घेतले. एका दुपारी टिचरांच्या कपबशा गोळा करताना मामा सहज म्हणाले, "साखर वाढली तर लगी भ्या न्हाई. पर उतरली तर धा मिंटांत घात हुतो. आन् तवा पोरीला साखरच द्यायची असती." नऊ मधुमेह्यांनी त्यांच्याकडे अशा काही नजरेने पाहिले, की मामा कपबशा घेऊन निघूनच गेले. मधुमेह्याला साखर! शिपायाच्या तोंडाला काय हो.

विज्ञानाच्या बाईंनीच शेवटी पुढाकार घेतला. चिमणीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंना गाठले आणि एका शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर यायला राजी केले. सूचना निघाली, 'सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी यांनी उपस्थित राहावे.' सूचनेखाली सर्वांनी सह्या केल्या. सह्या करताना ड्रिलमास्तरांनी मला हळूच विचारले, "सुई टोचून दाखवणार का हो?" ड्रिलमास्तर म्हणजे सहा फूट उंच, छाती अशी की तिच्यावर कबड्डीचे अंगण आखावे. "मला आपलं ते सुईचं बघवत नाही."

डॉक्टरबाई अगदी तरुण. त्यांनी आल्या आल्या विचारले, "इथं मधुमेह कोणाकोणाला आहे?" नऊ हात वर गेले. जरा अभिमानानेच गेले.

"मग तुम्हा नऊ जणांना शिकवणं सगळ्यांत अवघड. तुम्हाला ठाऊक असलेलं सगळं आज दाराबाहेर चपलांपाशी ठेवा."

मला त्या बाई एकदम आवडल्या.

मग त्यांनी समजावून सांगितले. मोठ्या माणसांचा बहुधा असतो तो दुसऱ्या प्रकारचा मधुमेह. पंगतीत वाढपी असतात, पण पंगत त्यांचे ऐकत नाही, आणि हळूहळू वाढपीही दमतात. चिमणीचा पहिल्या प्रकारचा. तिथे वाढपीच नाहीत. शरीराच्या संरक्षक पेशींनी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी शत्रू समजून मारून टाकल्या. स्वयंपाक झाला आहे, पातेली काठोकाठ भरली आहेत, आणि माणसे उपाशी. रक्तात साखर आणि पेशींना घास नाही. "यात गोड खाण्याचा संबंध नाही. आईच्या लाडाचा नाही. कारलं, मेथी, पूड, पेला, यांतलं काही चालत नाही. इन्सुलिन बाहेरून द्यायचं, दिवसातून बहुधा चार वेळा. एक वेळ चुकवली तर पोर आजारी पडते, अजिबात बंद केलं तर जगत नाही."

खोलीत जरा शांतता झाली. मागच्या बाकावर, दाराजवळ, चिमणीची आई बसली होती. 'आईच्या लाडाचा नाही' हे वाक्य डॉक्टरबाई दोनदा बोलल्या, ते कोणासाठी हे माझ्या नंतर लक्षात आले.

इतिहासाच्या सरांना साल लागते. त्यांनी विचारले, "मग पूर्वी काय करीत?" तेव्हा कळले की, पूर्वी काहीच करीत नसत. मुलांना अर्धपोटी ठेवून दिवस ढकलत. १९२१ साली टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांना कुत्र्यांवरच्या प्रयोगात हे द्रव्य सापडले, आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले. मरणाच्या दारातला मुलगा, पुढे तेरा वर्षे जगला. १९२३ मध्ये नोबेल. इतिहासाच्या सरांनी सगळे लिहून घेतले. सनावळीत बसले की कोणताही रोग त्यांना आपला वाटतो.

मग प्रात्यक्षिक. बोट टोचायचे, थेंब पट्टीवर लावायचा, पाच सेकंदांत आकडा. कोणाचे बोट, असे विचारताच एवढे हात पुढे आले की दत्तजयंतीच्या प्रसादालाही येत नाहीत. फुकटात साखर तपासून मिळते म्हटल्यावर कोण सोडणार? डॉक्टरबाईंनी दर माणसाला नवी सुई, नवी पट्टी असे सुरू केले. संस्कृतच्या सरांचा आकडा आला ४१२. सभा हादरली. सर स्वतः पांढरे पडले.

"हातानं काय खाल्लंत?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"काही नाही. गोड मी वर्ज्य केलं आहे."

"हात साबणानं धुऊन या बरं."

हात धुऊन आले आणि दुसऱ्या बोटातून १७८. बोटाला साखर लागलेली असेल तर यंत्र ती पण मोजते, म्हणून तपासण्याआधी हात धुवायचे, हा नियम आमच्या शाळेत जितका पक्का ठसला तितका पाणिनीचा एकही ठसला नसेल. त्या सकाळी हेडक्लार्कच्या मुलाला नोकरी लागल्याचे पेढे आले होते.

ड्रिलमास्तरांची पाळी आली तेव्हा ते खिडकीतून मैदानाकडे पाहत होते. सुई लागण्याच्या आधीच खाली बसले. अकरा पट्ट्या संपल्या. अकरावी संपल्यावर विज्ञानाच्या बाईंनी पाहिले तर चिमणीची आई पट्ट्यांच्या डबीकडे टक लावून बघत होती. डबी तिची होती. एक पट्टी पंधरा-वीस रुपयांना पडते, आणि दिवसाला निदान चार लागतात. ती काही बोलली नाही. विज्ञानाच्या बाई मात्र बोलल्या, आणि जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखे नाही. गणिताच्या सरांनी वर्गणीचा हिशेब जागेवर केला आणि सोमवारी दोन नव्या डब्या आल्या. एक तिला, एक शाळेच्या प्रथमोपचार पेटीत.

"इंजेक्शन कुठं घेईल ती?" मोठ्या बाईंनी विचारले. "वर्गात नको, मुलं घाबरतील. स्वच्छतागृहात..."

"तुम्ही डबा तिथं खाता का?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

मोठ्या बाई थोडा वेळ आपल्या हातांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या खोलीत घेईल. खिडकीजवळची खुर्ची."

टोचायचे चिमणीनेच, फक्त पेनावर फिरवून लावलेला आकडा एका मोठ्या माणसाने पाहायचा. हे काम वर्गशिक्षिकाबाईंनी मागून घेतले. पेन आमच्या माठाशेजारी, ओल्या मडक्यात ठेवायचे ठरले, आणि उन्हात किंवा बर्फात कधीही नाही असे मामांना बजावले. तहान लागली तर पाणी, जायचे म्हटले तर जाऊ द्यायचे, 'तासाला एकदाच' हा नियम तिला लागू नाही. हे वाचताना वर्गशिक्षिकाबाई खाली बघत होत्या.

मग मुख्य परीक्षा. "साखर उतरली, म्हणजे ७० च्या खाली गेली, तर मूल घामाघूम होतं, थरथरतं, भूक लागते, उगाच रडतं नाहीतर भांडतं. असं झालं तर तुम्ही काय कराल?"

"कांदा हुंगवीन," चित्रकलेच्या बाई.

"घरी कळवीन," इतिहासाचे सर.

"तोंडावर पाणी मारीन," ड्रिलमास्तर, जमिनीवरूनच.

"चौकशी करून अहवाल," मोठ्या बाई.

मागून मामा म्हणाले, "साखर."

"तीन चमचे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "साखर नाहीतर ग्लुकोज पावडर, पाण्यात. १५ मिनिटं थांबायचं, परत तपासायचं, नाही वाढली तर परत तीन चमचे. वाढली की पोळी, बिस्किट, काहीतरी खाणं. पेढा नाही, चॉकलेट नाही, त्यातल्या तुपानं साखर रक्तात उशिरा पोचते. तिला एकटीला कुठंही पाठवायचं नाही, आईकडे सुद्धा नाही, आपण जायचं. आणि शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन."

या शेवटच्या वाक्याला कोणी विनोद केला नाही. पोरगी रोज आपल्यासमोर पहिल्या बाकावर बसते.

आता यातले अवघड काय, असे तुम्हाला वाटेल. पण ज्या माणसाने दहा वर्षे साखरेला विष म्हणून चार लोकांत अर्धा पेढा खाल्ला आहे, त्याच्या गळी 'मधुमेह आहे म्हणून साखर दे' हे उतरवणे म्हणजे गोगलगाईला पोहायला शिकवण्यासारखे आहे. गणिताच्या सरांनी तीनदा शंका विचारली. चौथ्यांदा डॉक्टरबाईंनी त्यांनाच विचारले, "तुम्ही गोळ्या घेता ना? तुमचीही उतरू शकते बरं का, जेवण चुकवलंत तर." सर हसले. त्यांची कधी दोनशेच्या खाली आलेली नव्हती.

सभा झाली की समिती हवीच. सूचनाफलक लिहायला समिती नेमली. संस्कृतचे सर, मी आणि विज्ञानाच्या बाई. सरांनी पहिला मसुदा आणला त्याची सुरुवात अशी होती: 'विद्यार्थिनीस रक्तशर्करान्यूनता उद्भवल्यास तत्काळ शीघ्रशोष्य शर्करेचे परिमित प्राशन करवावे.' मी म्हटले, भाषा उत्तम आहे. विज्ञानाच्या बाईंनी तो कागद मामांना वाचायला दिला. मामांनी दोनदा वाचला आणि नम्रपणे म्हणाले, "सर, ह्ये वाचून हुईस्तवर पोरगी ऱ्हाईल का?" तेव्हा दुसरा मसुदा मामांनी सांगितला आणि मी लिहिला. 'घाम, थरथर, रडकी, भांडकी: साखर. तीन चमचे. पंधरा मिनिटे. एकटीला सोडू नका. बेशुद्ध: तोंडात काही नाही. कुशीवर. १०८.' हा कागद पाच ठिकाणी लागला. माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी लिहिलेला हा एकच मजकूर लोकांनी शेवटपर्यंत वाचला.

मग सुरू झाला काळजीचा सुकाळ. चौदा शिक्षकांच्या चौदा खणांत साखरेचे पुडे. जिकडेतिकडे मुंग्या. ड्रिलमास्तर ग्लुकोजची पुडी विजारीच्या खिशात ठेवीत. एकदा ती फुटली आणि 'विश्राम' म्हटल्यावर ते स्वतःच उड्या मारू लागले. चिमणीने शिंक दिली तरी तीन दिशांनी तीन चमचे निघायचे. शेवटी तिने वर्गशिक्षिकाबाईंना सांगितले, "बाई, मला सगळे सारखे 'बरं वाटतंय ना' विचारतात, त्यानं मला बरं वाटत नाही."

जानेवारीत पाचवीची सहल अजिंक्यताऱ्यावर निघाली. मोठ्या बाई म्हणाल्या, चिमणीने खालीच थांबावे. चिमणी त्यांच्या खोलीत इंजेक्शनला रोज जात असल्यामुळे तिची भीड चेपली होती. ती म्हणाली, "मोठ्या बाई, मला मधुमेह झालाय, माझा पाय मोडलेला नाही." आई बरोबर येते म्हणाली, तर "आई आली तर मी येणार नाही." आई पायथ्याला थांबली. चढाला साखर उतरते, म्हणून निघतानाच तपासली, जास्तीचे खाणे खाल्ले, आणि गडाला लागलो.

अर्ध्या वाटेवर ड्रिलमास्तरांनी शिट्टी फुंकली. चिमणी मागे पडली होती, कपाळावर घाम. आकडा ६२. मास्तरांचा चेहरा सुई पाहिल्यासारखा झाला, पण हात चुकला नाही. बाटलीत तीन चमचे, दोन घोट, घड्याळ. चाळीस मुले पंधरा मिनिटे रस्त्याकडेला बसली. एवढी गप्प बसलेली मी त्यांना माझ्या तासाला कधी पाहिली नाही. मग ९४. टाळ्या झाल्या. चिमणी कंटाळून म्हणाली, "टाळ्या कशाला?" आणि पोळीचा लाडू खाऊन पुढे निघाली. मी खाली आईला फोन केला. तिने पहिल्या रिंगलाच उचलला. मी म्हटले, "६२ होती, आता ९४." पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "तुम्ही सगळ्यांनी खाल्लंत का काही?"

वर पोचलो. समोर सज्जनगड दिसत होता. तेवढ्यात गणिताचे सर आणि संस्कृतचे सर भांडू लागले. कशावरून, तर सज्जनगड किती मैलांवर आहे यावरून. यात नवीन काही नव्हते. पण गणिताचे सर एकदम "तुम्हाला मैल म्हणजे काय कळतं का?" म्हणून ओरडले, आणि त्यांचा आवाज कापत होता. आम्ही म्हटले, चिडलेत. चिमणी जवळ येऊन त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

"सर, तुम्हाला घाम आलाय."

"ऊन आहे."

"सर, तुमचे हात थरथरतायत. तुम्ही सकाळी खाल्लं होतं?"

सरांनी सकाळी गोळी घेतली होती आणि दुपारी सहलीचा श्रीखंड-पुरीचा बेत आहे म्हणून न्याहारी वजा केली होती. हिशेब बरोबर होता. ड्रिलमास्तरांनी पेटीतली नवी सुई काढली, पण चिमणी म्हणाली, "आधी साखर द्या, आकडा मग." आकडा ५८ आला. सर साखरेचे पाणी पीत होते आणि दहा वर्षांची मुलगी त्यांचे मनगट धरून त्यांच्याच घड्याळात पंधरा मिनिटे मोजत होती. मधेच त्यांनी उठायचा प्रयत्न केला तर म्हणाली, "सर, बसा. झाली नाहीत अजून. अकरा झालीत."

पुढच्या महिन्यापासून आई पतसंस्थेत रुजू झाली. फोन नंबर पाचही कागदांवर लिहून ठेवला. मामा कितीतरी दिवस अकराला दोन कप घेऊन बाहेर जायचे आणि मग दुसरा कप स्वतःच प्यायचे. "वाया कशाला घालवायचा," म्हणायचे.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा झाली. बाकावर पाण्याची बाटली, ग्लुकोज आणि बिस्किटे, सगळे परवानगीने. गणिताच्या सरांनी तिला पन्नासपैकी सदतीस दिले. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "अहो, गडावर त्या पोरीनं तुम्हाला..." सर म्हणाले, "गडावर साखर दिली, गणितात उत्तर दिलेलं नाही." चिमणी पेपर घेऊन थेट शिक्षकखोलीच्या दारात आली. चौथ्या प्रश्नातले दुसरे गणित रीतीने बरोबर आहे, फक्त शेवटची बेरीज चुकली आहे, त्याचे मार्क का कापले, असे तिचे म्हणणे. दोघे वीस मिनिटे भांडत होते. मधेच सरांनी तिच्या कपाळाकडे निरखून पाहिले, तेव्हा ती म्हणाली, "सर, मी लो नाहीये. मी खरंच भांडतेय."

एकोणचाळीस झाले.